मागच्या दारची अंजेली

उमाबाईंना चूक सहन होत नसे. म्हणजे दुसऱ्याची. खालापूरच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण त्यांचं लाल पेन काही निवृत्त झालं नाही. लग्नाची पत्रिका हातात आली की त्या आधी शुद्धलेखन बघायच्या आणि मग मुहूर्त. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं तरी त्यांना दोन प्रश्न विचारल्याशिवाय बाई उठत नसत. गावात त्यांचा धाक होता, आणि तो आदरच आहे अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती. निम्म्या गावाने त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या असल्यामुळे ती समजूत दूर करायला कोणी पुढे येत नव्हतं.

त्या वर्षी महिला दिनाला बचत गटाच्या बायकांनी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. पापड, मसाले, गोधड्या आणि रोपं अशी टेबलं मांडली होती, आणि प्रमुख पाहुण्या अर्थातच उमाबाई. रोपांचं टेबल हवाबीचं होतं. कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्याला हिरव्या जाळीखाली तिची लहानशी नर्सरी होती. नवरा कमाल तीन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून ती एकटीच सांभाळत होती. मुलगी मिस्बाह उमाबाईंच्याच वर्गात शिकली आणि लग्न होऊन कडावला गेली. हवाबीची स्वतःची शाळा तिसरीत सुटली होती, त्यामुळे शिकलेल्या माणसाबद्दल तिला फार वाटायचं. त्यातून बाई म्हणजे तर काय विचारायलाच नको.

टेबलावर सगळ्यात पुढे जांभळ्या फुलांच्या कुंड्या होत्या. सरळ उभे तुरे, अरुंद कातरलेली पानं, आणि ओठ विलग केलेल्या तोंडासारखी लहान लहान फुलं. नर्सरीवाले त्याला अँजेलोनिया म्हणतात. हवाबी अंजेली म्हणायची. स्नॅपड्रॅगन नावाच्या थंडीतल्या फुलझाडाच्या भावकीतलं झाड, पण स्नॅपड्रॅगन आपल्याकडे थंडी सरली की माना टाकतं आणि हे भर उन्हात फुलतं. एका बाईने विचारलं, हे किती दिवस टिकतं?

"बारमाही हाय," हवाबी म्हणाली. "एकदा लावा, फुलं सरली की छाटा. परत येतंय."

उमाबाई टेबलापासून चार पावलांवर होत्या, आणि दुर्दैवाने त्यांच्या हातात माईक होता. त्यांच्या भाचीने परदेशातून आणलेलं बागकामाचं एक जाडजूड पुस्तक त्यांनी महिनाभर आधीच चाळलं होतं. त्यात याच फुलाचं पानभर चित्र होतं आणि चित्राखाली ठळक अक्षरांत 'हंगामी' असं छापलेलं होतं.

"हवाबी, हे बारमाही नाही," बाई माईकवर म्हणाल्या. "हंगामी आहे. मला सांग, तू दर पावसाळ्यात याची नवी रोपं करतेस की नाही?"

"व्हय बाई. मिरगाच्या आधी फांद्या कापून पिशवीत लावते, पत्र्याखाली."

"का?"

"पावसात वाफ्यातली सडतात म्हनून."

"म्हणजे मरतात!" बाईंनी सभेकडे पाहिलं. वर्गातल्या ढ मुलाकडून अखेर उत्तर काढून घेतलं की त्या अशाच पाहायच्या.

"मरत नसतील बाई. मिस्बाहचे अब्बा बोलायचे, की मुळाला—"

"अब्बा काय बोलायचे ते राहू दे. पुस्तकात काय लिहिलंय ते मी सांगते." आणि बाईंनी सांगितलंच. हंगामी झाड फुलून झालं की उपटायचं, त्याच त्या जुन्या फांद्या वर्षानुवर्षं लावत बसलं की वाण बिघडतो, रोग साठतो, दर वर्षी नवं बी आणावं, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइकाला खरं ते सांगावं. बायका हसल्या. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. हवाबीने डोक्यावरची ओढणी पुढे ओढली.

"बाई बोलतात म्हंजे तसंच असंल," ती म्हणाली. कार्यक्रम संपल्यावर पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी रोप द्यायचं ठरलं होतं. तिने त्याच अंजेलीतली सगळ्यात भरलेली कुंडी निवडली आणि ती बाईंच्या रिक्षापर्यंत स्वतः उचलून आणून दिली.

आता खरं तर एवढ्याशा गोष्टीचं काय एवढं? माणसं सभेत काहीबाही बोलतात आणि घरी जाऊन विसरतात. उमाबाईही विसरल्या. पण हवाबीने ते मनावर घेतलं. त्या जूनमध्ये तिने अंजेलीच्या फांद्या कापल्या नाहीत. वाफा आषाढाच्या पावसात काळा पडला, तसा बाईंनी सांगितल्याप्रमाणे तो मुळासकट उपटला आणि दसऱ्यासाठी झेंडू लावून टाकला. मोहोपाड्याच्या कॉलनीत तिची बरीच गिऱ्हाइकं होती. तिथल्या बायकांना ती आपण होऊन सांगून आली, की माझं चुकलं, हे वर्षाचंच झाड हाय. त्यांनीही आपापल्या कुंड्या मोकळ्या केल्या.

बाईंची कुंडी वाचली ती केवळ आळसामुळे. पावसात तिच्या नुसत्या काड्या राहिल्या, तेव्हा बाईंनी ती मागच्या दारी न्हाणीच्या पत्र्याखाली सरकवली. माती ओतून कुंडी रिकामी करायची होती, पण गुडघा वाकत नव्हता. सप्टेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्या तीन महिने पुण्याला मुलाकडे, केयूरकडे गेल्या. डिसेंबरात परत आल्या. कुलूप काढलं, घर झाडून घेतलं आणि मागचं दार उघडलं.

पत्र्याखाली जांभळे तुरे उभे होते. एक नाही, दोन नाही, अकरा. न्हाणीतल्या गळक्या नळाचं पाणी पन्हळीतून जरा जरा त्या कुंडीत झिरपत होतं, तेवढ्यावर त्या मेलेल्या काड्यांच्या बुडातून नवी फूट आली होती. बाईंनी वाकून पाहिलं. कोणी नवं रोप लावलं असेल म्हणावं तर घराला कुलूप होतं. त्यांनी एक पान चुरडलं. हाताला किंचित चिकट लागलं आणि पिकल्या सफरचंदासारखा मंद वास आला.

मग त्यांनी ते पुस्तक काढलं. चित्र तेच, ठळक अक्षरंही तीच. पण पान उलटल्यावर मागच्या बाजूला बारीक टाइपात आणखी दोन ओळी होत्या. जिथे हिवाळ्यात बर्फ पडतं तिथे हे झाड थंडीने मरतं, म्हणून तिथे ते हंगामी समजावं. उष्ण प्रदेशात ते बहुवर्षायू, म्हणजेच बारमाही आहे. खालापुरात बर्फ पडल्याचं उमाबाईंना आठवत नव्हतं. 'आधी प्रश्न पूर्ण वाचा आणि मगच उत्तर लिहा,' हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती मुलांना ऐकवलं असेल याची गणती नव्हती. त्यांनी पुस्तक मिटून पुन्हा कपाटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून हवाबीकडे जायचं आणि सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. सकाळी गुडघा दुखत होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी बँकेत काम होतं. त्यानंतर त्यांच्यातल्या विज्ञानाच्या बाई त्यांच्या मदतीला धावून आल्या. एकदा फुललं म्हणजे काही सिद्ध होत नाही, प्रयोग पुन्हा करून पाहावा लागतो, अजून एक पावसाळा जाऊ द्यावा आणि मग बोलावं. हे कारण इतकं शास्त्रशुद्ध होतं की स्वतः बाईंचाही त्यावर विश्वास बसला. खरी गोष्ट एवढीच होती, की 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्यांच्या जिभेला कधी वळलेच नव्हते.

फेब्रुवारीत एके दिवशी दुपारी चारच्या सुमाराला पुढच्या दाराची कडी वाजली. बाई मागच्या दारी अंजेलीची सुकलेली फुलं खुडत होत्या. हात पुसत, पदर खोचत त्या पुढे आल्या. दारात हवाबी होती. वाळली होती, आणि उंबऱ्याशी पाऊल टाकताना तिने चौकटीचा आधार घेतला.

"बाई, वाईच काम होतं. बसत नाय."

"बस गं. पाणी देते."

पाणी पिऊन तिने सांगायला सुरुवात केली. नर्सरीच्या जागेचा मालक जागा परत मागत होता, तिथे रिसॉर्ट होणार होतं. पुढच्या महिन्यात ती मिस्बाहकडे कडावला राहायला जाणार होती. जावयाचं नाव राहील, तो चांगला होता, त्याचं दुकान होतं, काही कमी नव्हतं.

"जायच्या आधी एक अंजेली मिळाली तर बघते हाय. समद्यांकडं फिरले. मोहोपाड्याला जाऊन आले. कुनाकडं नाय ऱ्हायली. तुमाला दिली होती ना एक, म्हनलं इचारावं."

"त्याचं काय एवढं? नर्सरीत मिळेल की दुसरी."

हवाबी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ती दुसरी व्हईल, बाई. ही मिस्बाहच्या अब्बांची होती. ते लोनावळ्याला बंगल्यावर माळीकाम करायचे तवा तिथं पार्टी झाली, आन् पार्टी झाल्यावर कुंड्या उकिरड्यावर टाकल्या. त्यातली एक फांदी त्यांनी ओल्या रुमालात बांधून डब्यातून आनली. मंग दर साली त्याच झाडाची फांदी, त्याच झाडाची फांदी. अकरा वर्सं. ते गेले, तरी झाड त्यांच्या हातचंच होतं. कबरीवर सब्जा लावलाय, त्याच्या बाजूला ही एक लावावी, आन् एक संगं न्यावी." ती हसली. "डाक्टर बोलतो साखरेनं डोळे जायला लागलेत. हायत तवर बघून घेईन म्हनते."

फांदीपासून केलेलं झाड म्हणजे नवं झाड नव्हेच, तेच झाड पुढे चालू राहतं, हा धडा उमाबाईंनी आठवीच्या वर्गाला एकतीस वेळा शिकवला होता. हवाबीला तो कोणी शिकवला नव्हता, आणि तरी तिला तो बाईंपेक्षा नीट कळला होता. कमालच्या हातचं ते झाड या घडीला या घरात वीस पावलांवर फुललेलं होतं. उठायचं, मागचं दार उघडायचं आणि कुंडी आणून समोर ठेवायची, एवढंच करायचं होतं.

पण कुंडी आणली की मग सगळंच सांगावं लागलं असतं. डिसेंबरपासून माहीत आहे हे, पुस्तकाचं मागचं पान, आणि माईकवरचं ते बोलणं. बाईंच्या तोंडून शब्द निघून गेला.

"नाही गं. पावसात गेलं ते. हंगामीच ना शेवटी."

हवाबीने त्यांच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं असं बाईंना तेव्हाही वाटलं. मग तिने पेला पालथा घालून ओट्यावर ठेवला.

"बरं बाई," ती उठत म्हणाली. "तुमच्याकडं असती तर तुमी दिलीच असती."

त्या वाक्याने बाईंची झोप उडवली. दिवसा त्या स्वतःला समजवायच्या, की उद्या नेऊन देऊ, कुठेतरी सापडली म्हणून सांगू. महिना उलटला. नर्सरीची हिरवी जाळी उतरली, पत्र्याचं कुंपण उभं राहिलं, आणि हवाबी कडावला निघून गेली. तिच्या जाण्याची बातमी बाईंना दूधवाल्याने सांगितली.

मग बाईंनी एक विचित्र गोष्ट केली. जूनच्या सुरुवातीला त्यांनी अंजेलीच्या फांद्या कापल्या आणि पिशव्यांत लावल्या, अगदी हवाबी लावायची तशा, पत्र्याखाली. सगळ्या जगल्या. दिवाळीपर्यंत मागच्या दारी चौदा कुंड्या झाल्या. पुढच्या अंगणात एकही ठेवायची सोय नव्हती, कारण रस्त्यावरून दिसली असती. चोरीचा माल लपवावा तशी ती फुलं न्हाणीमागे फुलत राहिली, आणि उमाबाई रोज सकाळी त्यांना पाणी घालून दार लावून घेत राहिल्या. एकदा केयूर आला तेव्हा म्हणाला, "आई, इतकी सुंदर फुलं आहेत, पुढे का नाही ठेवत?" बाई त्याच्यावर उगाच खेकसल्या. मुलाला काही कळलं नाही. बाईंना सगळं कळत होतं, आणि त्याचा उपयोग होत नव्हता. असंच दुसरं वर्षही निघून गेलं.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत तहसील कचेरीत दाखल्याच्या रांगेत त्यांना मिस्बाह भेटली. मुलगी मोठी झाली होती, कडेवर स्वतःचं पोर होतं. तिने वाकून नमस्कार केला. बाईंनी विचारायचं म्हणून विचारलं, "आई कशी आहे?"

"बरी हाय बाई. दिसत नाय आता तिला. मागच्या पावसाळ्यात राहिलेला डोळाही गेला." मिस्बाहने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुमची आठवन काढते सारखी. बोलते, बाई येतील एक दिवस."

त्या दिवशी बाई दाखला न घेताच घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चौदा कुंड्यांतली मूळची कुंडी काढली, हवाबीने दिलेली. एस.टी.ने कर्जत आणि तिथून कडावची रिक्षा. एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "आज्जी, कुंडी खाली ठेवा." बाईंनी ती खाली ठेवली नाही. मांडीवर दोन्ही हातांनी धरून त्या बसल्या, गुडघा ठणकत होता तरी. वाटेत त्या मनात वाक्यं जुळवत होत्या, खोडत होत्या, पुन्हा जुळवत होत्या. परीक्षेला निघालेल्या मुलाला कसं वाटतं हे त्यांना वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

राहीलच्या दुकानामागेच घर होतं. पुढच्या ओट्यावर उन्हाला हवाबी बसली होती, मांडीवर ताट घेऊन लसूण सोलत. हात बरोबर चालत होते. पावलांचा आवाज आला तशी तिने मान वर केली.

"कोन हाय?"

"मी उमाबाई."

हवाबीने ताट बाजूला केलं. बाईंनी कुंडी तिच्या पुढ्यात ठेवली. हवाबीने हात पुढे केला. आधी कुंडीचा काठ लागला, मग खोड, मग पान. तिने पान दोन बोटांत चुरडलं आणि नाकाशी नेलं. कितीतरी वेळ हात तसाच नाकाशी धरून ती बसली.

"आली," ती हळूच म्हणाली.

एक खोटं अजूनही तयार होतं. पुण्याला एका बागेत सापडली, तुझ्यासाठी फांदी आणली, एवढं म्हटलं असतं तर हवाबीने दुवा दिल्या असत्या. बाईंनी ओट्याची कड धरली आणि खाली, तिच्या शेजारी बसल्या.

"हवाबी, ही तूच दिलेली कुंडी आहे. तू माझ्या दारात आलीस त्या दिवशी ही मागच्या दारी फुललेली होती. मी तुझ्याशी खोटं बोलले. आणि त्याच्या आधी हॉलमध्ये बोलले तेही चूक होतं. झाड बारमाहीच आहे. कमालभाई बरोबर होते. माझं चुकलं."

बोलून झालं. एवढंसं होतं ते. दोन-तीन श्वासांत संपलं, आणि त्याच्यापायी दोन वर्षं गेली होती.

हवाबीच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ती पानांवरून बोटं फिरवत होती.

"म्हाईत हाय, बाई."

"काय माहीत आहे?"

"त्या दिवशी तुमी हात पुसत बाहेर आलात. तुमच्या पदराला फूल चिकटलेलं होतं. अंजेलीचं फूल असं चिकटतंय, लवकर पडत नाय. तवा मला उजव्या डोळ्यानं दिसायचं थोडं."

बाईंचा हात पदराकडे गेला. "मग बोलली का नाहीस? मागून का नाही घेतलीस?"

"तुमी 'नाय' बोललात. आमच्या मिस्बाहला शिकवलेल्या बाई. तुमाला तोंडावर खोटं कसं पाडायचं? हॉलमंदी एवढ्या बायांत माझं झालं तवा कसं वाटलं ते मला म्हाईत." हवाबीच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. "म्हनलं, देतील. आज नाय तर उद्या आनतील. डोळा हाय तवर आनतील असं वाटलं होतं."

आत मिस्बाह चहा ठेवत होती, भांड्यांचा आवाज येत होता. उमाबाईंना रडू येत होतं, पण इथे रडायचा हक्क आपला नाही असं वाटून त्यांनी ते आवरलं.

"त्यानंतर नाय बघितलं कुठं," हवाबी म्हणाली. "त्यांच्या झाडाचं शेवटचं फूल मी तुमच्या पदरावर बघितलं, बाई. घरी जाईपत्तुर आठवत गेले, कसं होतं ते."

हवाबीने कुंडी उचलून चाचपत त्यांच्या मांडीजवळ सरकवली.

"आज फुललीय?"

"हो."

"मंग बघा आन् मला सांगा. कुठनं उघडलीय, रंग कसा हाय, आत ते पांढरं असतं ते हाय का. समदं सांगा. घाई करू नका."

उमाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला. मग कुंडी जवळ ओढून सगळ्यात खालच्या फुलापासून त्यांनी सांगायला सुरुवात केली.